चौथं बटण

“हिरवी पट्टी हालतीया न्हवं? मग आवाज जातोय कुठं?” अंबूबाईंनी विचारलं.

दिलदारलाही तेच कळत नव्हतं. त्याने स्पीकर आपल्या मोबाइलला लावून पाहिला, तर खणखणीत वाजला. केबल बदलली. आवाज पूर्ण वाढवलेला होता, म्यूट कुठेच नव्हतं. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून दोन-चार कमांड दिल्या, तर साउंड कार्डही जागेवर. अंबूबाई की-बोर्डवरचं एफ चार दाबायच्या, पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी उड्या मारायची आणि खोलीत मात्र शुकशुकाट.

त्या पट्टीत गुंडूदादा बोलत होते, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

दादा म्हणजे अंबूबाईंचे यजमान. हयातभर रिक्षावर भोंगा बांधून त्यांनी कोल्हापूर पालथं घातलं. शाहूपुरीत साड्यांचा सेल लागलाय, उद्या नळाला पाणी येणार नाही, हे गावाला त्यांच्याच तोंडून कळायचं. आवाज असा की घरात बायकोला हाक मारली तरी शेजारीण ओ द्यायची. मग घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हा दिलदारने आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून त्यांना आणून दिला. टाइप केलेलं मराठी तो मोठ्याने वाचायचा. रोजची वाक्यं दिलदारने वरच्या रांगेतल्या बटणांवर बसवली. एफ दोन, च्या ठेव. एफ तीन, दार बघ. एफ चार, अंबू, जेवलीस का? आवाज अगदीच यंत्राचा, नाकातला. पहिल्यांदा ऐकून दादा पोट धरधरून हसले, आणि हसण्याचा आवाज येत नाही हे ध्यानात आल्यावर थांबले.

काल पुण्याहून त्यांच्या मुलीचा, राजनंदिनीचा, दिलदारला फोन आला होता. “आई जेवत न्हाय रे. दसऱ्यापासनं नुसत्या च्यावर हाय. विचारलं तर कॉम्प्युटर बोलत न्हाय म्हणती. तेवढं बघ की.”

वर्षभर अंबूबाई ताट वाढून घेण्याआधी ते चौथं बटण दाबत होत्या. कुणी विचारल्याशिवाय जेवायची त्यांना सवयच नव्हती. दिलदारला हे आत्ता इथे आल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

“त्यांचा खरा आवाज आता आठवत न्हाय मला,” त्या म्हणाल्या. “सपनात बी ह्योच नाकातला येतोय. ह्यो बी गेला तर माझ्याकडं काय ऱ्हायलं, सांग.”

दिलदारने पुन्हा सेटिंग उघडलं. आवाज कुठे पाठवायचा ते ठरवण्याची जी जागा असते, तिथे खूण स्पीकरवर नव्हती, हेडफोनवर होती. त्याने ती स्पीकरवर आणली. क्षणात ती आपली आपण परत हेडफोनवर गेली. त्याने पुन्हा आणली. ती पुन्हा गेली.

“काकू, घरात हेडफोन हाय?”

“कानात घालायचं? आमच्यात कोण घालतंय ते!”

त्याने मोबाइलचा उजेड कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या अंगावर धरला. हेडफोनच्या भोकाभोवती वाळलेलं कुंकू होतं आणि आत तांदळाचा एक दाणा रुतलेला.

“ह्ये काय केलंय?”

“खंडेनवमीची पूजा. ह्यांनी दरसाल भोंग्याच्या तोंडाला कुंकू लावून अक्षता वाहिल्या. भोंगा इकला, आता ह्येच त्यांचं हत्यार. औंदा वरीस सरलं म्हणून मी केली पूजा. ह्येचं तोंड तेवढंच दिसलं मला.”

दिलदारला हसू आलं. बिघाड सापडला की त्याला नेहमीच बोलायचा हुरूप येई. “त्यो दाणा आतल्या पत्तीला अडकलाय बघा. मशीनला वाटतंय, कुणीतरी हेडफोन लावून बसलंय. समदं बोलणं त्येच्याच कानात सोडतंय.”

बोलून गेल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. अंबूबाई कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीकडे बघत होत्या.

“तितं कुणी न्हाय, काकू. दाणा हाय नुसता.”

“म्हाईत हाय की. खुळी न्हाय मी.”

त्याने पिशवीतून बारीक चिमटा काढला. अंबूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे त्यो दाणा.”

“आवाज पायजे न्हवं तुमास्नी?”

“पायजेच की. पण वरीसभर त्येंनीच इचारलं. मी उत्तर कवा दिलं? नुसती ऐकायची आन् ताटावर बसायची.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. “एकादं बटण रिकामं आसंल न्हवं?”

“एफ पाच हाय.”

“त्यावर माझं घाल. व्हय, जेवले. काळजी करू नगा.”

दिलदारने वाक्य टाइप केलं. कुणाला ऐकू येणार नाही असं वाक्य त्याने आजवर कुठल्या मशीनवर बसवलं नव्हतं. “झालं,” तो म्हणाला. “दाबा.”

अंबूबाईंनी बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

“आत्ता न्हाय. त्यास्नी खोटं कशाला सांगू?”

त्या उठून आत गेल्या. शेजारणीने सकाळी दिलेली, झाकून ठेवलेली भाकरी त्यांनी ताटात घेतली, भिंतीला टेकून बसल्या आणि पहिला घास मोडला.