बहिऱ्या काकाचे हात

अमेरिकेतल्या ॲक्रन शहराच्या वर्तमानपत्रात ऑर्विल स्टेनक्विस्टची चार चौकटींची चित्रमालिका सव्वीस वर्षं चालली होती. लोक पहिलं पान सोडून आधी त्यातला बहिरा काका पाहत. कुणी ओरडलं, "घर पेटलं!" की काका विचारणार, "कोण भेटलं?" आणि घरोघरी हशा!

एका सोमवारी चित्राला उशीर झाला, म्हणून ऑर्विल स्वतःच ते घेऊन छापखान्यात उतरला. तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एमिल कोव्हारिक जन्मापासून बहिरा होता. त्याच्या पाठीमागे दोघे कामगार काकासारखा कानामागे हात धरून ओरडत होते, "कोण भेटलं?" एमिल वळला, त्यांचे चेहरे पाहिले आणि पुन्हा कामाला लागला.

ऑर्विलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कागदावर लिहिलं, "माझा राग येतो?"

एमिलने खाली लिहिलं, "तुमचा हात सोन्याचा आहे, साहेब, म्हणूनच लागतं. भिकार चित्र लोक विसरले असते. माझ्या मुलीला चांगलं ऐकू येतं, तरी माझ्यावरून शाळेत तिला हेच चिडवतात. काकाला काय ऐकू येत नाही ते तुम्ही रोज काढता. त्याला काय दिसतं, ते कधी काढलंत? शनिवारी आमच्या बहिऱ्यांच्या क्लबात या."

ऑर्विल गेला. दोनशे माणसं, आणि आवाज म्हणाल तर फक्त खुर्च्यांचा! एमिल उभा राहून हातांच्या खुणांनी बेसबॉलचा सामना सांगू लागला. बोटांतून चेंडू सुटला, तळहातावर धूळ उडाली, भुवयांनी पंचाशी भांडण केलं. ऑर्विल आ वासून बघत राहिला. 'जे कागदावर आणायला मी जन्मभर झटतो, ते हा माणूस नुसत्या हवेत काढतो!'

नव्या चौकटी पाहून संपादक प्रेस्कॉट भडकले. "अरे, एक शब्द नाही? काका हातांनी बोलतोय? वाचक पेपर बंद करतील, बाबा!"

"करू देत. ज्याला चार चौकटींत दुसऱ्याचं व्यंगच सापडतं, त्याची नजर अधू, प्रेस्कॉट. ती माझी होती."

चित्रं छापली गेली. शिव्यांची पत्रं आली, काहींनी खरंच पेपर बंद केला. पण महिन्याभरात गावातली पोरं काकाच्या खुणा शिकू लागली, आणि छापखान्यातल्या त्या दोघांपैकी एकाने चाचरत्या बोटांनी एमिलला 'शुभ प्रभात' म्हटलं!

पुढे अकरा वर्षं, हात थरथरेपर्यंत, ऑर्विलने तोच काका काढला.

मित्रहो, हसणं पाप नाही. पण आपण ज्याच्यावर हसतो, तोही आपल्यासोबत हसतोय का, एवढं मान वर करून पाहायला हवं.