पुलापल्याड लेकीचं घर

रुख्मिणीला पुलाचं भेव वाटतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते साफ खोटं आहे हे ठाऊक होतं एकट्या रुख्मिणीला.

पूल छोट्या गाडीच्या वेळचा. दगडी खांब कोणी म्हणे निजामाचे, कोणी म्हणे इंग्रजाचे. बांधणाऱ्यानं पाटीच लावली नाही, तर बसा भांडत. मीटरगेज होती तोवर त्यावरून गाडी धडधडत जायची. मग ब्रॉडगेज आली, रेल्वेनं शेजारी नवा पूल घातला आणि या म्हाताऱ्याला तसाच सोडून दिला. रूळ काढून नेले, लाकडी स्लीपर तेवढे राहिले, तेही अर्धेमुर्धे कुजलेले. फटींतून खाली नदी दिसायची. तरी माणसं जायचीच, कारण पल्याडची टाकळी पुलावरून हाकेच्या अंतरावर होती. रस्त्यानं जायचं म्हणजे अनसिंगवरून फेरा, वर जीपवाल्याची मर्जी.

त्या टाकळीत रुख्मिणीची एकुलती एक लेक योगिनी दिलेली. घर चांगलं, जावई विकास तर सोन्यासारखा. पण पोरीच्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी घरात पाळणा हलला नाही. अकोल्याचे डॉक्टर झाले, नवससायास झाले. शेवटी विकासच म्हणाला, पुरे झालं, आता हिच्या जिवाचे हाल नको.

आणि आमच्याकडची रीत अशी, की लेकीला लेकरू होईस्तोवर मायनं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. रुख्मिणीच्या मायनं ती पाळली, सासूनं पाळली. त्या दोघींना काय, वर्षाच्या आत नातवंडं झाली. त्यांचं काय जात होतं पाळायला? रुख्मिणीची मात्र पंचाईत झाली. रीत मोडून पाणी प्यावं आणि पुढं मूल झालंच नाही, तर तो दोष जन्मभर आपल्या माथी. न प्यावं, तर लेकीच्या घरात कोरड्या घशानं बसायचं, म्हणजे दर खेपेला तिच्या तोंडावर तिला वांझ म्हणायचं. त्यापेक्षा जाणंच नको. मग एकदा विकास न्यायला आला तेव्हा ती बोलून गेली, "मले पुलावर चक्कर येते बापू. अन् जीपमंधी उलटी होते."

ज्या बाईनं दोराला धरून विहिरीत उतरून गाळ काढला, तिला म्हणे पुलावर चक्कर. पण लोकांनी मानलं, आणि सगळ्यात जास्त मानलं तिच्या नवऱ्यानं. योगिनी सणावाराला माहेरी यायची, आईला मिठी मारायची, तू कधी येतं म्हणून एकदाही विचारायची नाही.

बबनराव माणूस सरळ, पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. बायकोला लेकीचं घर दिसत नाही, हे त्यांना सलत होतं. त्यांनी ग्रामसभा गाजवल्या, अर्ज केले, वाशिमच्या हापिसांचे उंबरे झिजवले. साहेबासमोर उभं राहून सरळ सांगायचे, "माह्या बायकोले लेकीकडं जाता आलं पायजे, म्हनून पूल नीट करा." हापिसातले हसायचे. इकडे रुख्मिणी देवापुढं हात जोडायची, की अर्ज हरवू दे. नवऱ्याला खरं सांगावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत ते टाकळीला पोचलं असतं.

देवानं तिचं ऐकलं नाही. जुना पूल पायी जाणाऱ्यांसाठी आणि मोटरसायकलींसाठी दुरुस्त करायचं मंजूर झालं. माणसं आली. त्यांनी गंज खरवडला, सडके रिव्हेट कापून बोल्ट घातले, खांबांच्या सांध्यांत सिमेंट भरलं. स्लीपर उचलून जाड लोखंडी पत्रा अंथरला, दोन्ही बाजूंनी छातीएवढा कठडा केला. बबनराव रोज जाऊन बघायचे आणि जेवताना सांगायचे, "आता तं तू डोये मिटून जाशीन." रुख्मिणीचा घास तोंडात फिरायचा. करायला गेला गणपती अन् झाला मारुती, पण ते या भोळ्या माणसाला कोण सांगणार.

फीत कापली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव नवी टोपी घालून दारात उभे. रुख्मिणीनं गुडघा धरून पाहिला. ते म्हणाले, "हयूहयू चाल, घाई कोनाले हाये?"

पुलावर त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेत टाकळीची घरं दिसली, आणि तिचं सोंग गळून पडलं. ती हात सोडवून भराभर पुढं निघाली.

"तुले तं चक्कर येत व्हती ना वं?" बबनराव मागून म्हणाले.

"पत्रा टाकला ना आता," ती म्हणाली. मनात मात्र एकच घोळत होतं. आता तांब्या पुढं येईल, तेव्हा काय करायचं?

योगिनी दारातच होती. तिनं दोघांना ओसरीत बसवलं, बापापुढं तांब्या-पेला ठेवला. आईपुढं मात्र स्टीलची बाटली ठेवली.

"हे तुह्या घरचं पानी हाये," ती खाली मान घालून म्हणाली. "तुह्या जावयानं सकायीच पुलावरून जाऊन तुह्या हापशीचं भरून आनलं. तुले रीत पायाची असन तं पाय आई. पन येत जा."

रुख्मिणीनं विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"कोन कायले सांगन? मले समजत नाही का?"

बबनरावांचा पेला ओठांशीच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग म्हणाले, "मंग मी एवढ्या चपला कायले झिजवल्या?"

रुख्मिणीला स्वतःची लाज वाटली. पोरीला दुखवू नये म्हणून आपण तोंड लपवलं, आणि पोर सारं ओळखून गप्प राहिली. तिनं बाटली बाजूला सारली, उठली, सरळ सैपाकघरात गेली. माठातून गडवा बुडवून काढला आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली. एक संपल्यावर दुसरा भरला. योगिनी दाराच्या चौकटीला धरून बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रुख्मिणीनं पदरानं तोंड पुसलं.

"पाहून काय राह्यली?" ती म्हणाली. "चाय ठेव. अन् रातच्याले माह्या नावच्या दोन भाकरी टाक. मी काई आज जात नाही."