डायचा दुसरा दांडा

"आवं, जीप!"

चांगुणाने पाइपला आटे पाडायच्या डायचा दांडा सोडला, घागर उचलली आणि हापशापुढे ताटकळलेल्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. डायपाशी तिचा नवरा श्रीमंत एकटाच उरला.

किल्लारीकडच्या या गावातला हापसा उघडून, पाइपांचे झिजलेले आटे कापून नवे पाडण्याचं काम सकाळपासून चाललं होतं. हजेरी श्रीमंतची. पण गेल्या उन्हाळ्यात निसटलेला पाइप उजव्या खांद्यावर बसला, तेव्हापासून नजर आणि तेल त्याचं, जोर चांगुणाचा. रांगेतल्या बायकांना सगळं ठाऊक होतं; पण त्यांना पाणी हवं होतं, चहाडी करून काय मिळणार होतं?

लातूर जिल्हा नवा झाला, कचेरीवर पाटी लागली, कचेरीला जीप मिळाली. पाणी तेवढं दरसाल खाली खाली गेलं.

सुपरवायझर व्यंकटराव एरवी जीपमधूनच हात हलवून पुढे जायचे. आज उतरून दगडावर ऐसपैस बसले.

"जोड गळायलेत म्हणून लई तक्रारी हायत, श्रीमंता. आज बघूनच जातो. हे बरं झालं तर कायमच्या जागेला तुझंच नाव धाडतो."

कायमची जागा! श्रीमंत अजून रोजावरच होता. एकाच पाइपचं तोंड राहिलं होतं. त्याने दोन्ही दांडे धरून डाय फिरवली. दुसऱ्याच फेऱ्याला खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. डाय कलली.

त्याने लोखंडाचा कीस फुंकला आणि बोट फिरवलं. आटे वाकडे पडले होते. पाइपचे आटे तोंडाकडे निमुळते असतात. दोन पाइप जोडणारं सॉकेट आधी हाताने फिरतं, मग आवळत आवळत असं बसतं की थेंब सुटत नाही. वाकड्या आट्यांवर ते बसत नाही. वरून फट बुजवायला सफेदा आणि ताग लावला असता तर व्यंकटरावांना कळलंही नसतं. पण खाली बोअरमध्ये जोड गळला असता, आणि या बाया हापसून हापसून अर्धी घागर घेऊन घरी गेल्या असत्या. त्यांच्यात चांगुणाही.

त्याला थकवा आला. हाताचा नव्हे, लपवण्याचा.

"हे कापावं लागंल, साहेब."

"का? दिसतंय की बरं."

"गळंल." तो रांगेकडे वळला. "चांगुणे, ये."

ती घागरीत बघत राहिली.

"ये म्हणतो ना!"

"ती काय करती इथं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"आटे तीच पाडती, साहेब. माझा खांदा गेलाय."

"येडं झालंय हे माणूस," असं पुटपुटत चांगुणा आली. घागर रांगेतच ठेवून तिने पदर खोचला. वाकडं तोंड करवतीने कापलं आणि दातओठ खात नवे आटे पाडले. श्रीमंत तेल सोडत राहिला. पाइप खाली गेले, हापशाचा दांडा हलला, आणि बऱ्याच वेळाने पाणी धो धो आलं.

व्यंकटरावांनी जोड निरखले होते. "काम चोख हाय. पण कायमच्या जागेला बाईचं नाव कसं धाडू? तिला रोजावर ठेवतो."

"आन् ह्यास्नी?" चांगुणाने विचारलं.

व्यंकटराव उठून जीपमध्ये बसले. जीप गेली.

चांगुणा हापशाच्या डोक्याचे नट आवळू लागली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती. रांग पुढे सरकली. तिची घागर मागेच राहिलेली पाहून श्रीमंतने ती डाव्या हाताने उचलली आणि बायकांच्या रांगेत उभा राहिला.

पुढच्या सरजाबाईने मागे वळून पाहिलं, आणि स्वतःची कळशी थोडी बाजूला घेतली.

"ये श्रीमंता," ती म्हणाली, "तुमचा नंबर हाय."