सर्दी द्यावी कुणाला?

सर्दी दुसऱ्याला दिली की आपली जाते, यावर कानाझावाच्या तोकुजिरो आजोबांचा गाढ विश्वास. डॉक्टरांच्या पुड्यांनी सर्दी हलेना, तेव्हा ते मास्क न लावता शेजारच्या कामेदाकडे शोगी हे जपानी बुद्धिबळ खेळायला गेले आणि पटावर मनसोक्त शिंकले. आठवड्यात आजोबा खडखडीत बरे, कामेदा अंथरुणात! पण पंधरवड्यानं नाक पुन्हा गळू लागलं. आजोबा तणतणत दवाखान्यात शिरले.

“त्या मेल्या कामेदानं माझीच सर्दी मला परत केली!”

“ती नव्हे, आजोबा, ही दुसरी. सर्दीचे विषाणू शेकडो. औषध कुणाकुणावर काढणार?”

“मग तुमचा आवाज का बसलाय?”

डॉक्टरांनी हळूच मास्क उतरवला.

“ही तुम्हीच मागच्या खेपेला दिलेली. या, असे जवळ बसा.”