उजवीकडून तिसरी

मी एक फोटो आहे. कृष्णधवल, पोस्टकार्डाहून बोटभर मोठा, एका कडेला वाळवीने खाल्लेला. माझ्यात चार बायका, दोन पुरुष, रुळांवरचा एक लोखंडी गाडा आणि मागे धुरांडं आहे. यातलं आज कोणीच नाही. धुरांडं सर्वांत शेवटी गेलं.

माझा जन्म १९५४ सालचा, रत्नागिरीचा. खाडीकाठी कौलांचा एक कारखाना होता. चिकणमाती मळायची, साच्यात दाबून कच्ची कौलं काढायची, मांडवात सुकवायची आणि भट्टीत भाजायची, असं तिथलं काम. मालकांना कॅलेंडरवर छापायला कारखान्याचा फोटो हवा होता, म्हणून त्यांनी बाजारातल्या अकबर फोटोग्राफरला बोलावलं. अकबरचाचा कॅमेरा, तिपाई, काळं फडकं आणि छत्री घेऊन आले. मालक आले नाहीत. त्यांच्या पोटात दुखत होतं. तासभर वाट बघून चाचांनी हाताशी होते त्या सहा जणांना गाड्याजवळ उभं केलं.

उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी मयताला आल्यासारखे चेहरे केले.

"हसा की जरा," चाचा म्हणाले.

"हसलं तं मालक म्हनंल, कामं करीत न्हायत," भिकाजी म्हणाला. गाडा ढकलणारा तो.

"मग हलू तरी नका. मी तीन म्हणेपर्यंत श्वास धरा."

पाच जणांनी धरला. उजवीकडून तिसरी बाई दोनला हलली. तिने मान झटकन एका अंगाला वळवली. तिचं लुगडं, कमरेवरचं टोपलं, मातीने भरलेले पाय, सगळं स्वच्छ उमटलं. चेहऱ्याच्या जागी पांढरट धूर राहिला.

"एक काच फुकट गेली," चाचा म्हणाले. फोटो उमटायची दुसरी काच त्यांनी आणली नव्हती.

असा मी झालो. मालकांनी मला नापसंत केलं आणि कॅलेंडरवर देवाचं चित्र छापलं.

प्रत्येक फोटोच्या मागे काय ते लिहून ठेवायचं, अशी चाचांची सवय होती. दुकानात त्यांनी मला पालथं घातलं आणि कामगारांनी सांगितलेलं आठवून पेन्सिलीने लिहिलं, 'आमची आगगाडी, रत्नागिरी, १९५४. उजवीकडून'. एवढं होतंय तोच आफ्रिकेला निघालेला एक खलाशी पासपोर्टचा फोटो काढायला आला. चाचा उठले. परत बसले तेव्हा त्यांनी दुसराच फोटो हातात घेतला.

'उजवीकडून' या शब्दावर मी सत्तर वर्षं काढली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पासपोर्टवाले आणि नवरा-नवरी यांच्या मध्ये. पासपोर्टवाले कधीच बोलत नाहीत. नवरा-नवरी सुरुवातीला बोलतात. दर पावसाळ्यात आम्ही एकमेकांना चिकटायचो आणि दिवाळीनंतर सुटायचो. काही जण सुटले नाहीत.

चाचा गेले. त्यांचा मुलगा कुवेतला गेला. नात फिजा हिने दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला घेतली तेव्हा डबे उचलून वाचनालयाला दिले.

"पडून पडून यांचं लोणचं झालंय," ती म्हणाली. "बघा, कोणाचं कोण सापडलं तर."

वाचनालयात जुन्या रत्नागिरीच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. ते काम अनिल सरांकडे होतं. सर इतिहासाचे निवृत्त मास्तर, खिशात भिंग, माणूस सचोटीचा. चुकीचं काही भिंतीवर लागलं तर त्यांना जेवण गोड लागत नाही. त्यांनी बंदर, बाजारपेठ, आगबोटी, कारखाने असे गठ्ठे केले. माझी पाठ वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आगगाडी? चोपन्न साली? राही, जरा या इकडे."

राही वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघते. तिने मला हातात घेतलं.

"आपल्याकडे रेल्वे आली नव्वदीनंतर," सर म्हणाले. "म्हणजे फोटो रत्नागिरीचा नाही. रूळ आहेत, धुरांडं आहे. मिरजेकडचा असणार. लिहिणाऱ्याने चुकून रत्नागिरी लिहिलं."

"पण सर, इंजिन कुठाय?"

"पुढे गेलं असेल."

मिरजेला सरांचे एक स्नेही रेल्वेचे जुने फोटो जमवतात. मला सोमवारच्या टपालाने त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं. पाकिटावर पत्ताही घालून झाला. मिरज कशी असते ते मला ठाऊक नाही. कोरडी असते म्हणतात. कागदाला ते बरं.

राही पाकिटाला डिंक लावता लावता थांबली.

"सर, आमच्या सासूबाई आगगाडी म्हणतात."

"सगळेच म्हणतात."

"तसं नाही. सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी चुलीत नारळाची सोडणं घातली की विचारतात, आगगाडी सोडलीस काय गो? लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई जरा..." तिने कपाळाजवळ बोट फिरवलं. "त्यांच्या मावशीचा शब्द तो. मावशी कौलांच्या कारखान्यात होती. कच्ची कौलं भट्टीत न्यायचा गाडा होता, त्याला तिथले लोक आगगाडी म्हणायचे. आगीत जाते ती आगगाडी."

सरांनी भिंग डोळ्याला लावलं. गाड्यावर रचलेली कौलं त्यांना तेव्हा दिसली. ती पहिल्यापासून तिथेच होती.

"सासूबाईंना आणता येईल?"

"आणते. पण एक सांगते सर. त्यांची आईपण तिथंच कामाला होती. ह्या दीड वर्षाच्या असताना तापाने गेली. आई कशी दिसायची ते त्यांना आठवत नाही, आणि फोटो असा घरात एकही नाही. त्या बघून गेल्यावर परत मिरज म्हणू नका."

शनिवारी सगुणाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पायाने अधू. नवं पातळ नेसल्या होत्या आणि केस चापून बसवले होते. आईला पहिल्यांदाच भेटायचं होतं.

"ही कारखान्यातलीच आगगाडी ना, आजी?" सरांनी विचारलं.

"मग काय मुंबयची?" त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं. "ह्यो भिकाजीमामा. गाडा ढकलून ढकलून वाकलेला. म्हातारपनी म्होरं गाडा नसला तरी तसाच चालायचा. आमी पोरं मागनं शिट्टी मारायचो."

सरांनी पाकिटावरचा पत्ता खोडला.

मग सगुणाबाई बायकांकडे वळल्या. पहिली त्यांच्या ओळखीची निघाली, शेजारच्या वाडीतली. उरल्या तीन. त्यातल्या दोघींना चेहरा होता. त्या दोन चेहऱ्यांवर त्यांनी बराच वेळ काढला. राहीने सरांचं भिंग मागून घेतलं.

"आई, ह्या कडेच्या बाईचं नाक बघा. तुमच्यासारखं आहे."

"आसंल," सगुणाबाई म्हणाल्या.

"आहेच," सर म्हणाले. "जिवणीसुद्धा." त्यांनी पेन्सिल उचलली. "नाव काय आईचं?"

"गंगा."

कडेची बाई गंगा नव्हे, हे मला माहीत होतं. तिला चाचांनी नावाने हाक मारून छत्रीच्या सावलीतून बाजूला केलं होतं, आणि ते नाव वेगळं होतं. पण मला तोंड एकच, पाठीवरचं लिखाण, आणि ते १९५४ साली 'उजवीकडून'वर बंद झालं.

"थांबा जरा," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचं बोट धुरावर होतं. "हिला तोंड का न्हाय?"

"फोटो काढताना हलली असेल."

"का हलली?"

"ते आता कसं कळणार, आजी? मुंगी चावली असेल."

"फोटोवाला हलू नको म्हनला आसंल की."

"म्हटलंच असेल."

"तरी हलली." त्यांनी मला आणखी जवळ धरलं. "मावशी सांगायची, आय मला कौलांच्या मांडवात झोळीत घालून कामाला जायची. आनी मी लय रडकी. गाड्याचा आवाज बंद झाला का रडायची." त्यांनी बोट उचललं नाही. "फोटोपायी गाडा थांबवला आसंल ना? मांडव ह्या अंगाला व्हता. ही बगा, तिकडंच वळली हाय. ही माझी आय."

"पण चेहरा नाही हो तिला," सर हळू म्हणाले. "त्या दुसऱ्या बाईचं लिहू. नाक जुळतंय. तुम्हाला चेहरा तरी मिळेल."

"दुसऱ्याचं तोंड घेऊन काय करू मी? ती माज्याकडं बगत व्हती. तेवढं पुरं झालं."

मांडवातून आलेलं ते रडणं मी ऐकलं होतं. फोटोत आवाज उमटत नाही. सत्तर वर्षांत मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं.

सरांनी पुरावा मागितला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असावं, कारण त्यानंतर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. पेन्सिल त्यांनी राहीला दिली. तिने मला पालथं घातलं आणि चाचांच्या 'उजवीकडून' या शब्दापुढे लिहिलं, 'तिसरी, गंगा'.

आता मी चौकटीत आहे, 'कारखाने' या विभागात, खिडकीपासून दूर. वाक्य पुरं झालं आणि ते भिंतीच्या बाजूला आहे. बघायला येणारे म्हणतात, छान आहे, एवढा मधला चेहरा बिघडला नसता तर. सगुणाबाई गुरुवारी येतात आणि समोर खुर्ची ओढून बसतात. राही चहा आणून देते. त्या फारसं बोलत नाहीत. मीही नाही.

तुमच्या घरी असा एखादा डबा असेल. उघडा, आणि आम्हाला एकदा पालथं घाला. अर्ध्यावर राहिलेलं काही दिसलं तर ओळखणारं माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून पुढचं लिहून टाका. पेनाने नको, शाई फुटते. पेन्सिलीने लिहा, आणि फार दाबू नका. पुढच्या बाजूला माणसं असतात.