बंकटच्या हाताचा गुण

बंकटच्या हाताला गुण आहे, हे शिरूर कासारच्या आसपासच्या चार-पाच वाड्यांत कुणालाही विचारा, सांगतील. बैल लंगडायला लागला, मेंढीचा गुडघा सुजला, की लोक जनावरांच्या डॉक्टरला नंतर फोन लावतात, आधी बंकटला. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याच सुईनं सांध्यावर फुल्या मारायच्या. आठ दिवसांत जनावर चालतं. आता त्यातली निम्मी जनावरं नुसती आठ दिवस दावणीला उभी राहूनही चालली असती, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. माणसाला एकदा गुण चिकटला की तो सहजासहजी सोडत नाही.

त्याची पोरगी स्वप्ना आठवीत. पोरगी वर्षात अशी ताडमाड वाढली की मागच्या दिवाळीचा ड्रेस उन्हाळ्यात घोट्याच्या वर गेला. शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. सकाळी सहाला मैदान, संध्याकाळी पाचला मैदान, मधे शाळा, आणि रविवारी बापाच्या मेंढरांमागं. मैदान कसलं, नुसता मुरूम. त्यावर उकिडवं बसायचं, खो मिळाला की उसळायचं, खुंटापर्यंत पळत जायचं, परत बसायचं. पोळ्याच्या सुमाराला ती पहिल्यांदा म्हणाली की गुडघ्याखाली ठणकतं. बंकट म्हणाला, मेंढरांमागं जायचं म्हटलं की बरं ठणकतं, खेळताना नाही ठणकत. खेळतानाही ठणकत होतं. पण ते ती बोलत नव्हती, कारण जिल्ह्याच्या टीमची निवड तोंडावर आली होती. दसऱ्यापर्यंत तिच्या दोन्ही गुडघ्यांखाली, नडगी सुरू होते तिथं, सुपारीएवढी टेंगळं आली. देवळाच्या पायऱ्या उतरताना ती भिंतीला हात लावून उतरायला लागली.

हे तिच्या आईनं बघितलं. संगीता बोलायला कमी, पण डोळे उघडे ठेवून वागणारी बाई. पोरीला दवाखान्यात न्यायचं तिनं ठरवलं, तेवढ्यात नांदूरघाटहून तिच्या बहिणीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि तिला पंधरा दिवस माहेरी जावं लागलं. एसटीत चढताना ती नवऱ्याला म्हणाली, "पोरीला डाक्टरला दाखवा. बिब्बा न्हाई घालायचा. माणसाचं लेकरू हाय ते, मेंढरू न्हाई." बंकटनं मान हलवली. मान हलवायला काय जातं?

त्याला खरंच दवाखान्यात न्यायचं होतं, असं तो नंतर स्वतःलाच सांगायचा. पण मधे पारावरची गोष्ट घडली. चार माणसं बसलेली, स्वप्ना दप्तर घेऊन समोरून लंगडत गेली, आणि परमेश्वर म्हणाला की जगाची जनावरं चालवणाऱ्याची पोरगीच लंगडती म्हणायची. परमेश्वर म्हणजे गावातला बारा एकराचा बागायतदार, त्याच्या बोलण्यावर माणसं जरा जास्तच हसतात. बंकटही हसला. पण घरी येईपर्यंत ते बोलणं त्याच्या अंगात पार भिनलं. रविवारी दुपारी त्यानं बिब्ब्याचं गाडगं काढलं. त्याची आई कडूबाई हिनं पोरीचा पाय धरला. पोरीनं कुरकुर केली, पण औषधाला कुरकुर न करणारं लेकरू बंकटनं तरी बघितलं नव्हतं. उजव्या गुडघ्यावर त्यानं पाच फुल्या घातल्या. डावा उद्या, असं ठरलं.

तो उद्या आलाच नाही. सोमवारी सकाळी बिब्बा उतला. फुल्यांच्या जागी फोड, फोडांच्या भोवती फोड, गुडघा रताळ्यासारखा फुगला आणि त्यातून पाणी गळायला लागलं. मंगळवारी ताप. बुधवारी पाय वाकेना. शुक्रवारी निवड होती. बुधवारी दुपारी बंकटनं तिला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. रस्त्यावर एकेक खड्डा आला की मागून पोरीचा श्वास ऐकू यायचा. ती ओरडत नव्हती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधी जखम बघितली आणि तोंड वाकडं केलं. मग डाव्या गुडघ्याचं टेंगूळ बोटानं दाबलं. स्वप्ना कळवळली. किती खेळतेस, किती दिवसांपासून दुखतं, उंची कधी वाढली, असं सगळं डॉक्टरणीनं विचारून घेतलं आणि बंकटला समजेल असं सांगितलं. या वयात हाडं भराभर वाढतात, मांडीचे स्नायू तेवढे वाढत नाहीत, ते ताणले जातात. गुडघ्याची वाटी ज्या पट्ट्यानं नडगीच्या हाडाला बांधलेली असते, तो पट्टा उड्या मारून, पळून तिथलं कोवळं हाड सारखा ओढतो. म्हणून टेंगूळ. खेळणाऱ्या पोरांना हे होतंच. काही आठवडे पळणं-उड्या कमी करायच्या, बर्फानं शेकायचं, मांडी ताणायचा व्यायाम करायचा, दुखणं उतरलं की हळूहळू पुन्हा खेळायचं. वाढ पूर्ण झाली की त्रास आपोआप जातो.

"आपोआप?" बंकटनं विचारलं.

"आपोआप. दुखत असताना रेटायचं नाही, एवढंच. औषधसुद्धा फारसं लागत नाही." मग तिनं उजव्या गुडघ्याकडं बोट केलं. "हे कुणी केलं?"

भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, बंकट तो वाचायला लागला. पहिला डोस, दुसरा डोस. आता बोलू, या ओळीनंतर बोलू, असं करत तो तक्त्याच्या तळाशी पोचला आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मीच केलं, मॅडम. आप्पा मेंढरांकडं गेलते."

मग डॉक्टरणीनं तिला झाडलं. आठवीत शिकतेस, विज्ञान शिकतेस, आणि हा अडाणीपणा? हे डाग आता कायमचे राहतील, कळतं का? स्वप्ना खाली बघून मान हलवत राहिली. शेवटी डॉक्टरीण बंकटकडं वळली आणि म्हणाली की बिब्बा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवत जाऊ नका. बंकट म्हणाला, व्हय. पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यानं पुष्कळ खोटं बोलून घेतलं होतं, बाजारात तर रोजच. पण स्वतःच्या पोरीच्या आड लपून तो पहिल्यांदाच बोलला होता.

परतताना त्यानं हॉटेलवर गाडी थांबवली. तिच्यासाठी भजी सांगितली, स्वतःला चहा. खोटं का बोललीस, असं त्यानं विचारलं. विचारायलाही त्याला कपाकडं बघावं लागलं.

"तुमी काय बोलंनात," ती म्हणाली. "म्हून मी बोलले."

एवढंच. रुसवा नाही, रडणं नाही. भजी मात्र तिनं सगळी खाल्ली. बंकटचा चहा थंड झाला.

संगीता परत आली त्या दिवशी सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं घोकून ठेवलं होतं. पण ती दारात चप्पल काढते न काढते तोच कडूबाईनं सुरू केलं. पोरीनं येड्यावानी सोताच बिब्बा घातला, आमी कुणी घरी नव्हतो. म्हातारीनं लेकाला वाचवलं. संगीतानं पट्टी सोडून गुडघा बघितला, पोरीला दोन शब्द बोलली, चार शब्द बोलली, मग तिला पोटाशी धरून रडली. कावून केलंस गं बाई, कावून केलंस, असं किती तरी वेळ म्हणत राहिली. स्वप्ना म्हणाली, चुकलं. बंकट गोठ्यात होता. तिथं त्याचं काही काम नव्हतं.

शाळेत तर आणखी तऱ्हा. खो-खोच्या सरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या पोरींना सांगितलं की स्वप्नासारखा शहाणपणा कुणी करू नका, स्वतःचंही नुकसान आणि टीमचंही. हे दुसऱ्याच पोरींनी घरी येऊन हसत सांगितलं. गावात तिला बिब्बेवाली म्हणायला लागले. आणि दर वेळी बंकट ठरवायचा, उद्या सांगू. रानात मेंढरांसमोर त्यानं बोलूनही बघितलं. संगीता, ते माझ्या हातनं झालं. मेंढरांना सांगून झालं, माणसांना सांगायचं राहिलं. उद्यामागून उद्या करत महिना गेला.

या महिन्यात एक गोष्ट झाली. पळणं बंद, बर्फ आणि मांडीचा व्यायाम चालू, त्यानं डाव्या गुडघ्याचा ठणका ओसरला. पायरी उतरताना त्या पायानं ती नीट उतरायची. उजव्यावर मात्र पाच काळे चट्टे, कातडी ओढलेली, आणि वाकवताना अजून ओठ चावायची. ज्या गुडघ्याला बापाचा हात लागला नव्हता तोच बरा झाला होता. हे तो रोज दोन वेळा बघत होता, सकाळी आणि संध्याकाळी, ती ओसरीवर व्यायाम करताना. एवढं बघूनही त्याचं तोंड उघडलं नाही.

मग एका रविवारी सकाळी परमेश्वर घरी आला. पारावर हसवणारा तोच. बरोबर त्याची पोरगी राजनंदिनी, सातवीतली. स्वप्नाच्या जागी आता टीममध्ये तिला घेतली होती. संगीता ओसरीवर ज्वारी निवडत होती, स्वप्ना भिंतीला टेकून पाय ताणत होती, कडूबाई नेहमीप्रमाणे खांबाशी. परमेश्वर बाजेवर बसला आणि पोरीच्या सलवारीचा पाय त्यानं गुडघ्यावर सरकवला. तेच टेंगूळ. तीच जागा.

त्याचं म्हणणं असं की डॉक्टर दोन महिने पळू नको म्हणतो आणि मॅच तर पंधरा दिवसांवर आली. दोन महिने बसून कुठं पाय बरा होत असतो काय? बंकटनं आजच बिब्बा घालावा. बंकट म्हणाला की स्वप्नाचं काय झालं ते बघितलं ना?

"ती तर लेकराच्या हातनं झालेली गोष्ट," परमेश्वर म्हणाला. "तिच्या हाताला गुण न्हाई म्हून उतलं. तुमच्या हातनं कुठं उतलंय आजवर, बंकटराव?"

बंकटला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. पोरीच्या खोट्यानं त्याचं नाव बुडायचं राहिलं नव्हतं नुसतं, वाढलं होतं. ज्यानं पोरगी जाळली त्याच्याच दारात माणूस दुसरी पोरगी घेऊन आला होता, आणि त्याच्या हाताच्या गुणाचा पुरावा म्हणून स्वप्नाचाच गुडघा दाखवत होता. राजनंदिनी स्वप्नाच्या चट्ट्यांकडं बघत होती. तिनं हळूच स्वतःचा सलवारीचा पाय खाली ओढला. कडूबाई गाडगं आणायला उठली.

"बस, माय," बंकट म्हणाला. "न्हाई घालायचा." आणि मग, एवढ्या दिवसांचं घोकलेलं काहीच आठवेना म्हणून, नुसतंच बोलला, "स्वप्नाला मीच घातलता."

परमेश्वर त्याच्याकडं बघत राहिला आणि मोठ्यानं हसला. बाप असावा तर असा, म्हणाला. पोरीची चूक सोताच्या अंगावर घेतो. लोक बोलतात तिला, ते ह्याला सोसंना. असं म्हणत त्यानं बंकटच्या पाठीवर थाप मारली. बंकटला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. खरं बोलला तर तेही त्याच्या नावावर पुण्य म्हणून जमा व्हायला निघालं होतं.

संगीताचा सुपातला हात थांबला होता. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, कडूबाईकडं बघत होती, आणि कडूबाई खांबाकडं. बंकट स्वप्नाकडं वळला.

"सांग ह्यांना," तो म्हणाला. "काय झालं ते सांग."

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, व्हय, आप्पानीच घातला. आणि तेवढ्यावर सगळं उरकेल. आपण खरं बोललो, पोरीवरचा आळ गेला, रात्री डोळ्याला डोळा लागेल. स्वप्नानं ताणलेला पाय आखडून घेतला. ती बापाकडं बघत बोलली नाही, राजनंदिनीकडं बघत बोलली.

"आजीनं पाय धरलता. आप्पा सुईनं फुल्या घालत होते. मी तीनदा नको म्हनले. आदी हळू म्हनले, मग रडत म्हनले, मग आईला हाका मारल्या."

परमेश्वरचा हात बंकटच्या पाठीवरून आपोआप उतरला. संगीतानं आता नवऱ्याकडं बघितलं. पोरीनं बोलायचं ते बोलून टाकलं होतं. पण पोरगी घाबरून जास्तीचं सांगती, असं कुणी म्हणायच्या आत आता बापानंच बोलायला पाहिजे होतं.

"म्हनली होती," बंकट म्हणाला. "मला ऐकू आलतं."