परातीतलं पिवळं पाणी

आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांत सगळ्यात निरुपयोगी कोण असेल, तर ज्याला सगळं ठाऊक असतं तो. आमच्याकडे तो घरचाच आहे. माझे चुलत सासरे, सखाकाका. दर दोन दिवसांनी येतात, आबांच्या खाटेजवळ खुर्ची ओढतात, पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवतात आणि सुरू होतात.

"दादा, तुजं चुकलं कुठं सांगू? पथ्य मोडलंस तू."

आबा म्हणजे माझे सासरे. डोळे मिटून पडून राहतात. झोपेचं सोंग त्यांना छान जमतं. मला जमत नाही, मला चहा करावा लागतो.

पथ्याची गोष्ट अशी. गेल्या वर्षी गणपती गेले आणि आबांचे डोळे पिवळे झाले. दुखत काहीच नव्हतं, फक्त खाज. रात्रंदिवस खाज. काकांनी त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि खालापूरच्या पुढे एका वाडीत कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. रविवारी आणि बुधवारी. नाकात थेंब, कसल्याशा पाल्याचा रस, आणि शेवटी पितळेच्या परातीत हात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. "बगा, उतरतेय!" असं काका जमलेल्या सगळ्यांना ओरडून सांगायचे, जणू स्वतःच्या हाताने उतरवतायत. मी एकदा म्हटलं, रक्त तपासू या का. "तू पोरीला पाज गं," म्हणाले. अक्षदा तेव्हा चार महिन्यांची होती. मी पाजत बसले. परातीतलं पाणी बघून मीसुद्धा एकदा हात जोडले होते, तेव्हा स्वतःबद्दलही फार चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे नाही.

दोन महिने पाणी पिवळं होत राहिलं आणि आबा वाळत गेले. मग मनोजने, माझ्या नवऱ्याने, एक दिवस कंपनीत दांडी मारली आणि त्यांना उचलून मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. गाठीने पित्ताची नळी दाबली होती, म्हणून डोळे पिवळे. दुर्बिणीतून आत नळी बसवली, पण ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आता केमो.

त्याच हॉस्पिटलच्या बाकावर संजना भेटली. भिवपुरीची, माझ्याच वयाची. तिच्या आईलाही तेच.

"तुमी पण परातीत हात धुतले?" तिने विचारलं.

"सोळा वेळा."

"आमी एकवीस. जिंकलो."

आम्ही इतक्या हसलो की नर्सने डोळे वटारले. संजनाने घरी जाऊन, वाडीत चोळायचे तशी, आंब्याच्या झाडाची साल स्वतःच्या हातांना चोळली आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. तिला कावीळ नव्हती, काही नव्हतं. पाणी पिवळं!

औषधांतलं जे मला कोणी नीट समजावलं नव्हतं, ते तिने समजावलं. पचनाची कॅप्सूल जेवणानंतर नाही, पहिल्या घासाबरोबर. आम्ही महिनाभर ती जेवण झाल्यावर देत होतो. तिची आई आणि आबा फोनवर बोलायचे. "अर्धी भाकर खाल्ली." "मी पाऊण. हरलात, आबाजी." पौषात तिची आई गेली. त्यानंतरही आबांच्या प्रत्येक केमोच्या दिवशी संजनाचा फोन येतोच.

आणि चैत्रात येसूकाकींचे डोळे पिवळे झाले.

येसूकाकी म्हणजे सखाकाकांची बायको. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू स्वतःच्या हाताने वळून आणणारी एकटी बाई. दारात उभ्या होत्या आणि फणीने दंड खाजवत होत्या. ब्लाउज दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतलेलं.

"काकी, सोनोग्राफी करू या."

"काय नाय तिला," काकांनी उत्तर दिलं. "उष्णता हाय. रविवारी नेतोय मी. दादाला तर डॉक्टरांनीच बिघडवलं."

काकींना भूक लागली का, हेसुद्धा चारचौघांत काकाच सांगतात. माझ्या मनात आलं, ने. ने तुझ्या बायकोला. बघ मग. इतकं वाईट मनात आलं, आणि समोर काकी फणीने दंडावर लाल ओरखडे काढत होत्या.

मी संजनाला फोन लावला. ती म्हणाली, "शौचाचा रंग विचार. पांढरट असंल तर एक दिवस पण थांबू नको." मी विचारलं. काका म्हणाले, "साफ होतं तिला."

रविवारी सकाळी आबांनी सोंग सोडलं. "पोरी, इको गाडी बोलव."

"कुठे जायचंय?"

"परातीवर."

मनोज ड्यूटीवर होता. अक्षदाला शेजारी ठेवलं, आबांच्या पाठीला उशी लावली आणि निघालो. चारफाट्यावर संजना गाडीत चढली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, मी फक्त सांगितलं होतं.

वाडीत मांडवाखाली तीस-चाळीस माणसं बसलेली. सखाकाका सगळ्यांत पुढे, नंबर लावायला आल्यासारखे नाही, नंबर वाटायला आल्यासारखे. आबांना बघून काकींनी पदर ओढला आणि तोंड फिरवलं. आमच्याकडे थोरला दीर आणि धाकट्याची बायको समोरासमोर बोलत नाहीत. अडतीस वर्षांत आबांना त्यांच्याकडे चहा हवा असेल तर ते भिंतीला सांगायचे आणि काकी चुलीला उत्तर द्यायच्या.

आबा माझा हात धरून गेले आणि काकींच्या अगदी समोर, गोणपाटावर बसले. बसायलाच दोन मिनिटं लागली.

"येसू. हिकडं बघ. तुजं परसाकडं कसल्या रंगाचं होतं?"

एक बाई फसकन हसली.

"दादा!" काका उठलेच. "लाज हाय का काय? भावजयीला असलं इचारतोस?"

"तुला इचारलं नाय, सख्या. तिच्या वतीनं तू जात असशील परसाकडं, तर तू सांग."

आता सगळा मांडव हसला. आबा हसले नाहीत. "माजं चुन्यागत पांढरं व्हायचं, येसू. नि लघवी काळ्या चहागत. लाजंनं मी कुणाला बोललो नाय. तुजं?"

काकी गोणपाटाचा धागा उसवत होत्या. पदराआडून आवाज आला. "पांढरंच. महिना झाला."

"याला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनले, दूध कमी पी."

काकांनी घसा खाकरला आणि मांडवाच्या छताकडे बघितलं, जणू दूध तिथे टांगलेलं होतं.

"माजी खाज मी हितंच बसून काढली," आबा म्हणाले. "तवर आतलं वाढलं. तू उठ. माज्यासंगट चल."

औषधवाला परात खाली ठेवून म्हणाला, "अर्धवट सोडलं की उलटतं हां, बाई."

"माझ्या आईनं पुरं केलं होतं," संजना म्हणाली. "एकवीस वेळा. तिला अग्नी देऊन तीन महिने झाले."

रांगेतला एक माणूस स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत राहिला. काकींनी जमिनीला हात टेकला आणि उठल्या. नवऱ्याला विचारलं नाही. आधी आबांना उठायला हात दिला, सगळ्यांसमोर, आणि मग दोघं एकमेकांना धरून इकोपर्यंत आले. कोण कोणाला आधार देत होतं, सांगता येत नव्हतं. काका मात्र धावत पुढे आले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. "डावीकडनं घे रं," म्हणाले. रस्ता एकच होता.

कर्जतला सोनोग्राफी, मग मुंबईला स्कॅन. गाठ निघाली, त्याच जागी. पण लहान होती, नळीपुरती, काढण्यासारखी. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा काकी माझ्याकडे बघत होत्या आणि मी आबांकडे बघू शकत नव्हते.

गेल्या मंगळवारी ऑपरेशन झालं. सात तास. संजना बाहेर माझ्याबरोबर बसून होती. काल काकींनी पाण्याचे चार घोट घेतले.

आबांची आता केमो थांबवली आहे. खुर्ची त्यांच्या खाटेजवळ तशीच ओढली जाते. आज शेजारची चार माणसं जमली होती आणि काका त्यांना सांगत होते, "मला पैल्या दिवशीच संशय आलता. मीच म्हनलं, सोनोग्राफी करा. डोळं पिवळं दिसलं, खाज सुटली, की आदी सोनोग्राफी. पाला-बिला सब झूट."

मी तोंड उघडणार तोच आबांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, माझ्या साडीचं टोक ओढलं.

"सांगू दे त्याला," अगदी हळू म्हणाले. "गाव माजं ऐकत नाय. त्याचं ऐकतं."

मग मी आत गेले आणि चहा ठेवला. सखाकाकांना साखर जास्त लागते, मला माहीत आहे. मी घातली नाही.